थडग्यांच्या भिंतींवरील संसार

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधील एक प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. नाईलकाठच्या दलदलीत पपायरसच्या होडीवर एक पुरुष उभा आहे. त्याच्या एका हातात पकडलेले पक्षी आहेत आणि दुसऱ्या हातात पक्ष्यांवर फेकण्याची काठी. मागे त्याची पत्नी उभी आहे. त्याच्या पायांमध्ये छोटी मुलगी बसली असून तिने एका हाताने वडिलांचा पाय धरला आहे. वर आकाशात पक्ष्यांची गर्दी आणि त्यात एक शिकारी मांजरही आहे. पुरुषाचे नाव नेबामून. अमून देवाच्या मंदिरातील धान्याचा हिशेब ठेवणारा हा लेखनिक इ. स. पूर्व १३५०च्या सुमारास थीब्ज, म्हणजे आजच्या लक्सर येथे राहत होता. १८२० मध्ये त्याच्या थडग्यातील चित्रे भिंतीवरून कापून काढण्यात आली आणि पुढल्याच वर्षी ती लंडनला पोहोचली. मूळ थडगे नेमके कोठे होते, याची नोंद मात्र मागे राहिली नाही.

प्रथमदर्शनी हे कौटुंबिक सहलीचे चित्र वाटते. परंतु थोडे बारकाईने पाहिले की शंका येऊ लागते. चिखलात शिकारीला निघालेली पत्नी उत्सवाचा पोशाख, जड केशटोप आणि दागिने घालून का उभी आहे? पती तिच्यापेक्षा एवढा मोठा का आणि मुलगी एवढी लहान का? चित्रकाराला प्रमाण कळत नव्हते, असे म्हणावे तर पक्ष्यांची पिसे आणि मांजराची फर त्याने विलक्षण कौशल्याने रंगविली आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर ही चित्रे कोणासाठी आणि कशासाठी काढली जात, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

मृतासाठी तरतूद

इजिप्तमधील श्रीमंत माणसाच्या थडग्याचे साधारणतः दोन भाग असत. एक जमिनीखालची दफनाची खोली. अंत्यविधीनंतर ती कायमची बंद केली जाई. दुसरा भाग वरचा, नातेवाईक आणि येणारे-जाणारे जेथे नैवेद्य ठेवीत ते दालन. मृत्यूनंतरही माणसाचे 'का' नावाचे तत्त्व शिल्लक राहते आणि त्याला भाकरी, बिअर, मांस, वस्त्र यांची गरज असते, अशी श्रद्धा होती. नातेवाईक आज नैवेद्य आणतील, उद्याही आणतील. पण चार पिढ्यांनंतर कोण आणणार? म्हणून हे सारे भिंतीवर कोरले जाई. योग्य विधी झालेले चित्र आणि त्याच्याजवळ लिहिलेले नाव प्रत्यक्ष वस्तूची आणि व्यक्तीची जागा घेऊ शकते, अशी त्यांची समजूत होती. शेजारच्या मजकुरात वाचणाऱ्याला विनंती असे, की नैवेद्याचा मंत्र मोठ्याने म्हणावा, म्हणजे मृताला त्याचा लाभ होईल.

हाच नियम माणसांनाही लागू होता. ज्याचे चित्र आणि नाव भिंतीवर आहे, त्याला परलोकातील जेवणात वाटा आहे. पत्नीला, आईला, मुलांना थडग्यात चित्रित करणे म्हणजे त्यांच्यासाठी मृत्यूनंतरची जागा राखून ठेवणे होते. थडग्यातील कौटुंबिक चित्रांकडे आठवणींचा संग्रह म्हणून पाहिल्यास त्यांचा अर्थ हातून निसटतो. त्यांना मृत्युपत्रासारखे वाचावे लागते. कोणाला घेतले, कोणाला किती जागा दिली, कोणाचे नाव लिहिले आणि कोणाला वगळले, या सर्वांचे परिणाम अनंतकाळ टिकणार होते.

आकाराचा अर्थ

या मृत्युपत्राची स्वतःची लिपी आहे. सर्वांत मोठी आकृती थडग्याच्या मालकाची. पत्नी कधी त्याच्याएवढी, कधी थोडी लहान, तर प्राचीन राज्यकाळात कधी कधी गुडघ्याच्या उंचीची. मुले आणखी लहान. विवाह होऊन सरकारी पद मिळालेला मुलगाही वडिलांच्या शेजारी बोटभर उंचीचा दिसतो. येथे उंचीवरून वय ठरत नाही. त्या थडग्यात त्या व्यक्तीचे स्थान कोणते, हे कळते. तोच मुलगा स्वतःचे थडगे बांधतो, तेव्हा तेथे सर्वांत मोठा होतो.

लहान मूल ओळखण्याच्या ठरलेल्या खुणा आहेत. अंगावर वस्त्र नाही, डोक्याच्या एका बाजूला लोंबणारी केसांची बट आणि तोंडाशी नेलेले बोट. रंगांचेही संकेत आहेत. पुरुषांची त्वचा तांबूस तपकिरी आणि स्त्रियांची फिकट पिवळसर. मेदुम येथे १८७१ मध्ये सापडलेल्या राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याच्या रंगीत पुतळ्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. साडेचार हजार वर्षे उलटली तरी त्यांचे रंग आणि स्फटिकाचे डोळे इतके जिवंत आहेत, की पाहणारा क्षणभर थबकतो.

या संकेतांचा कलावंत किती कल्पकतेने उपयोग करीत, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गिझा येथील सेनेबच्या कुटुंबाचा पुतळा. हेरमान युंकर यांना तो १९२६-२७च्या उत्खननात सापडला. सेनेब हा शारीरिकदृष्ट्या बुटका, परंतु राजदरबारातील मोठा अधिकारी होता. त्याच्या शेजारी बसलेल्या सेनेतितेस या पत्नीची उंची सामान्य आहे. नेहमीच्या पद्धतीने दोघांना बसविले असते, तर सेनेबचे पाय अधांतरी लोंबले असते. शिल्पकाराने त्याला मांडी घालून बसविले आणि जेथे त्याचे पाय आले असते, त्या जागी त्याचा मुलगा आणि मुलगी ही दोन मुले तोंडाशी बोट नेलेल्या स्थितीत उभी केली. पत्नीने एक हात त्याच्या खांद्यामागून टाकला असून दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला आहे. चौघांची आकृती समतोल झाली आणि सेनेबचे शारीरिक वैशिष्ट्यही लपविले गेले नाही.

वयाबाबत मात्र ही कला बहुतेक वेळा गप्प बसते. आजोबा, वडील आणि नातू तिघेही पंचविशीतले वाटतात, कारण अनंतकाळ म्हातारपणात काढण्याची कोणाचीच इच्छा नसते. अपवाद आढळतात ते देर अल-मदिना येथे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारागिरांचे हे गाव होते. तेथील पाशेदूच्या थडग्यात त्याच्या काही नातेवाइकांचे केस करडे, तर काहींचे पांढरेशुभ्र रंगविलेले आहेत. त्याच गावातील इनहेरखाऊच्या थडग्यात तो आणि त्याची पत्नी बसलेली असून, बट ठेवलेली उघडी नातवंडे त्यांच्याभोवती जमली आहेत. राजासाठी ठरीव साच्यात काम करणाऱ्या या कलावंतांनी स्वतःच्या घरच्यांसाठी थोडे स्वातंत्र्य घेतले असावे.

नाती अनेक, शब्द थोडे

चित्रांजवळच्या मजकुरात नाती लिहिलेली असतात आणि येथे मराठी वाचकाला विशेष आश्चर्य वाटेल. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी, चुलतभाऊ, मावसबहीण असे प्रत्येक नात्याला स्वतंत्र नाव आहे. प्राचीन इजिप्शियन भाषेत आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती, पत्नी एवढेच मूळ शब्द होते. आजीसाठी 'आईची आई' अशी जोड करावी लागे. 'सेन' हा शब्द भावासाठी वापरला जाई, तसाच तो चुलत-मामे भाऊ, काका, पुतण्या, मेहुणा यांच्यासाठीही चाले. त्यामुळे एखाद्या भिंतीवर रांगेने बसलेल्या 'भावां'पैकी सख्खे कोण, हे अभ्यासकांना इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते.

याच शब्दांतून एक मोठा गैरसमज निर्माण झाला. अठराव्या राजवंशाच्या काळापासून, म्हणजे इ. स. पूर्व पंधराव्या शतकापासून, थडग्यांमध्ये पत्नीचा उल्लेख 'सेनेत', म्हणजे बहीण, असा होऊ लागला. त्यावरून सर्वसामान्य इजिप्शियन लोक सख्ख्या बहिणीशी विवाह करीत, अशी समजूत पसरली. राजघराण्यात असे विवाह होत, हे खरे. पण सामान्य कुटुंबांत या काळात त्यांचा पुरावा फारच थोडा आहे. येथे 'बहीण' हे पत्नीसाठीचे जिव्हाळ्याचे संबोधन होते. पत्नीची खरी ओळख 'नेबेत पेर', म्हणजे घराची स्वामिनी, या बिरुदाने दिली जाई.

मुलाचे कर्तव्य आणि हक्क

थडग्यात नैवेद्य अर्पण करताना बहुधा मुलगा दिसतो, आणि तोही अनेकदा थोरला. त्याचे वर्णन 'वडिलांचे नाव जिवंत ठेवणारा' असे केलेले आढळते. त्यामागे ओसायरिस आणि होरस यांची कथा आहे. मारल्या गेलेल्या ओसायरिसचा वारसा त्याचा मुलगा होरस याने मिळविला. म्हणून प्रत्येक मृत पिता ओसायरिस आणि त्याचे विधी करणारा मुलगा होरस ठरला. या श्रद्धेला व्यवहाराचीही बाजू होती. जो दफन करतो त्याला मालमत्ता मिळते, हे तत्त्व देर अल-मदिना येथील वारसाच्या वादात प्रत्यक्ष मांडले गेलेले आढळते. तेव्हा भिंतीवर विधी करणारा मुलगा वडिलांची सेवा करीत असतो आणि आपला हक्कही नोंदवीत असतो.

या चित्राचे राजकीय बळ तुतनखामेनच्या थडग्यात दिसते. हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये ते शोधून काढले. तेथील उत्तरेच्या भिंतीवर बिबट्याचे कातडे पांघरलेला पुरुष राजाच्या ममीचे 'मुख उघडण्याचा' विधी करीत आहे. हे काम मुलाचे. परंतु तेथे उभा आहे तो आय हा वयोवृद्ध दरबारी. त्याच्या डोक्यावर राजमुकुट आहे. तुतनखामेनला वारस उरला नव्हता. मुलाच्या जागी स्वतःचे चित्र काढवून घेऊन आयने सिंहासनावरील दावा भिंतीवर कायम केला. त्याच थडग्यात दोन छोट्या शवपेट्यांमध्ये दोन अपुऱ्या दिवसांच्या मुलींच्या ममी मिळाल्या. त्या तुतनखामेनच्या मुली असाव्यात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनातून पुढे आले. त्यांच्या पेट्यांवर स्वतःचे नाव नाही आणि भिंतीवर त्यांचे चित्रही नाही.

कधी कधी मात्र हा क्रम उलटा होई. राण्यांच्या खोऱ्यात तिसऱ्या रॅमसेसचे मुलगे खाएमवासेत आणि आमूनहेरखेपेशेफ यांची थडगी आहेत.  तेथे बट ठेवलेला राजपुत्र आपल्या वडिलांच्या मागोमाग चालतो आणि स्वतः राजा एकेका देवतेला सामोरा जाऊन आपल्या मुलाची ओळख करून देतो. मुलाने वडिलांसाठी करायचे ते येथे वडिलांना मुलासाठी करावे लागले. या चित्रांतही रडणे नाही, आक्रोश नाही. अपवाद अमार्ना येथील अखेनातेनच्या राजथडग्याचा. तेथे मेकेतातेन या आपल्या मुलीसाठी शोक करणारे अखेनातेन आणि नेफर्टिटी कोरलेले आहेत. राजा-राणीचे दुःख असे उघडपणे दाखविणे इजिप्तच्या कलेत दुर्मिळ आहे. त्याच नगरीतील अधिकाऱ्यांच्या थडग्यांत मात्र त्यांच्या स्वतःच्या कुटुंबांना फारशी जागा उरली नाही. भिंती व्यापल्या त्या राजा, राणी आणि राजकन्यांनी. दुसऱ्या मेरीरेच्या थडग्यात सहाही राजकन्या दिसतात. परलोकाची हमीही जणू एकाच कुटुंबाकडे गेली होती.

आईची जागा

बहुतेक थडगी पुरुषांनी बांधली, म्हणून स्त्रिया तेथे पत्नी, आई किंवा मुलगी म्हणून येतात. परंतु सर्वत्र असेच घडले नाही. गिझा येथे जॉर्ज राइस्नर यांना १९२७ मध्ये मेरेसांख या राणीचे थडगे सापडले. एका दालनाच्या भिंतीत दहा स्त्रियांचे पुतळे ओळीने कोरलेले आहेत. दुसऱ्या भिंतीवर मेरेसांख आणि तिची आई हेतेफेरेस अशा दोघी एका होडीत उभ्या राहून दलदलीतील रोपे खुडताना दिसतात. नेबामूनच्या चित्रात पुरुषाला मिळालेली जागा येथे मायलेकींची आहे. दगडी शवपेटीही आईने मुलीला दिली होती आणि तसे तिच्यावर कोरलेले आहे.

हातशेप्सुत राणीचा विश्वासू अधिकारी सेनेनमुत याच्या बाबतीत पत्नीचा उल्लेख आढळत नाही. त्याच्या स्मारकांत आई-वडील दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमच्या पथकाला १९३५-३६च्या हंगामात सेनेनमुतच्या थडग्याजवळ त्याच्या आई-वडिलांचे दफन जसेच्या तसे मिळाले. आई हातनोफेर हिची ममी उत्तम प्रकारे तयार केलेली होती. आधीच वारलेल्या वडिलांची तशी नव्हती. मुलगा मोठ्या पदावर चढला, त्याचा लाभ आईला मृत्यूनंतर मिळाला.

जे भिंतीवर नाहीत

भिंतीवरील कुटुंबात सर्व मुले आज्ञाधारक असतात. पपायरसवर लिहिलेली कागदपत्रे वेगळी हकिगत सांगतात. देर अल-मदिना येथील नाऊनाख्ते या स्त्रीचे मृत्युपत्र पाचव्या रॅमसेसच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ. स. पूर्व बाराव्या शतकातील आहे. तिला आठ मुले होती. आपण म्हातारे झालो तरी काही मुलांनी काळजी घेतली नाही, असे तिने साक्षीदारांसमोर सांगितले आणि त्यांना आपल्या वाट्यातून वगळले. अशा मुलांचे चित्र कोणत्याही थडग्यात सापडणार नाही.

नाऊनाख्तेचा पहिला पती केनहेरखेपेशेफ हा गावचा लेखनिक होता. त्याच्या आधी हे पद रामोसे याच्याकडे होते. रामोसेने आपल्यासाठी तीन थडगी बांधली. पण त्याला मूल नव्हते. अपत्यासाठी त्याने देवतांना केलेली प्रार्थना आजही वाचता येते. केनहेरखेपेशेफ हा त्याचा मानलेला मुलगा असावा, असे अभ्यासक समजतात. रामोसेच्या एका थडग्यात त्याच्या घराशी संबंधित अनेक स्त्रियांना स्थान दिलेले दिसते. नैवेद्य देणारे कोणीतरी हवे, ही निकड किती खरी होती, हे यावरून कळते.

गरिबांना रंगविलेले थडगे परवडत नसे. तान्ह्या मुलांचेही तेच. देर अल-मदिनाच्या पूर्वेकडील स्मशानभूमीत अशी बालके टोपल्यांत, मडक्यांत आणि साध्या पेट्यांत पुरलेली आढळली. नेबामूनच्या मुलीप्रमाणे वडिलांचा पाय धरून बसण्याची जागा त्यांना लाभली नाही.

आणि जे एकदा भिंतीवर आले, तेही कायमचे सुरक्षित नव्हते. चित्रात प्राण असेल, तर चित्र खरवडणे म्हणजे त्या व्यक्तीला परलोकातून काढून टाकणेच. थीब्ज येथील मेन्ना या अधिकाऱ्याच्या थडग्यात त्याचे डोळे कोणीतरी शोधून शोधून खोदून काढले आहेत. भोवतालची बरीचशी चित्रे शाबूत असल्याने हा राग एकाच माणसावरचा होता, हे उघड आहे. सक्कारा येथे १९६४ मध्ये निआंखख्नूम आणि ख्नूमहोतेप या दोन राजसेवकांचे सामाईक थडगे सापडले. हे दोघे भाऊ होते, जुळे होते की त्यांचे नाते आणखी वेगळे होते, यावर आजही वाद आहे. कारण एरवी पती-पत्नींच्या वाट्याला येणारी आलिंगनाची मुद्रा येथे दोघा पुरुषांना दिली आहे. दोघांच्याही पत्नी आणि मुले त्या थडग्यात आहेत. परंतु मेजवानीच्या दृश्यात निआंखख्नूमच्या मागे बसलेल्या त्याच्या पत्नीची आकृती जवळजवळ पूर्ण खोडून टाकलेली आहे.

एकत्र राहण्याची इच्छा

एवढी सारी गणिते असली, तरी या चित्रांत माया नव्हती, असे म्हणता येणार नाही. थीब्जमध्ये दरवर्षी खोऱ्याचा उत्सव होत असे. अमूनची पालखी कर्नाकहून नाईलच्या पश्चिम तीरावर येई आणि कुटुंबे आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जमून खाणेपिणे करीत. थडग्यांतील मेजवानीच्या अनेक चित्रांचा संबंध अभ्यासक या उत्सवाशी जोडतात. त्या चित्रांत जिवंत आणि मृत एकाच पंगतीला बसतात. कोण हयात आणि कोण नाही, हे चित्रावरून सांगता येत नाही.

देर अल-मदिना येथील सेन्नेजेम या कारागिराचे थडगे १८८६ मध्ये अस्पर्शित अवस्थेत उघडले गेले. आत एकूण वीस जणांच्या ममी होत्या. त्यांपैकी नऊ जण शवपेट्यांत आणि बाकीचे केवळ वस्त्रांत गुंडाळलेले. पिढ्यान्‌पिढ्या तेच कुटुंब त्या एका लहानशा खोलीत येत राहिले होते. तिच्या भिंतीवर परलोकातील शेत रंगविले आहे. सेन्नेजेम नांगर धरून चालला आहे आणि त्याची पत्नी इयनेफेर्ती मागून बी पेरीत आहे. दोघांच्या अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रे आहेत. शेतात राबताना असे कपडे कोणी घालत नाही, हे त्या चित्रकाराला ठाऊक होतेच. जे काम आयुष्यभर करायचे ते पुढेही करावे लागणार असेल, तर ते चांगल्या कपड्यांत आणि आपल्या माणसासोबत व्हावे, एवढीच मागणी त्याने भिंतीवर नोंदविली आहे.